जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर : घरी काय करता येते आणि कुठे थांबावे

चतुर्थीपूर्वीची झाडलोट सुरू झाली की गोव्यातील कितीतरी घरांत एखादा जुना अ‍ॅम्प्लिफायर कापडाखालून बाहेर येतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी वा बोटींवरच्या तारवट्यांनी आणलेली ही यंत्रे. त्यांच्यावर सान्सुई, पायोनियर, अकाई, केनवूड, टेक्निक्स अशी जपानी नावे असतात. काही घरांत सोनोडाइन किंवा अहुजाचे भारतीय यंत्रही सापडते. वीज जोडली की दिवा लागतो, गाणेही सुरू होते. पण आवाजाचा नॉब फिरवताच स्पीकरमधून खर्रकन आवाज येतो, एक बाजू मुकी होते, नॉबला जरा धक्का दिला की परत बोलू लागते. ‘यंत्र गेले’ असा निष्कर्ष काढून ते भंगारात देण्याचा विचार येथेच सुरू होतो.

तो निष्कर्ष बहुधा घाईचा ठरतो. नॉब फिरवताना येणाऱ्या खरखरीमागे बहुतेक वेळा साधा मळ असतो आणि थोडी सावधगिरी बाळगली तर तो घरीच काढता येतो. मात्र तशीच खरखर एका वेगळ्या बिघाडातूनही उद्भवते. त्यावर कितीही फवारे मारले तरी गुण येत नाही. शिवाय हाताशी आला तो फवारा मारल्यास चांगला भागही कायमचा निकामी होतो, आणि जुन्या यंत्राला त्याच मापाचा भाग पुन्हा मिळणे कठीण असते. म्हणून स्क्रू सैल करण्याआधी खरखर कोणत्या जातीची आहे हे ओळखणे, ही या दुरुस्तीची पहिली पायरी.

नॉबच्या मागे काय असते

आवाज, बास, ट्रेबल आणि बॅलन्स या चारही नॉबांमागे एकाच प्रकारचा भाग असतो. त्याचे पूर्ण नाव पोटेन्शिओमीटर. दुरुस्ती करणारे त्याला ‘पॉट’ किंवा नुसते ‘कंट्रोल’ म्हणतात. गोल डबीत घोड्याच्या नालेच्या आकाराचा कार्बनचा पट्टा बसवलेला असतो. पट्ट्याच्या दोन टोकांना एकेक आणि त्यावरून सरकणाऱ्या धातूच्या बोटाला एक, अशी तीन टोके बाहेर येतात. नॉब फिरवला की हे बोट पट्ट्यावरून साधारण ३०० अंशांपर्यंत सरकते आणि आलेल्या ध्वनिसंकेताचा कमी-अधिक वाटा पुढे पाठवते. स्टिरिओ यंत्रात एकाच दांड्यावर असे दोन पट्टे असतात, एक डाव्या बाजूसाठी आणि एक उजव्या.

आवाजाच्या पॉटमधील पट्टा सर्वत्र सारखा नसतो. मानवी कानाला आवाजाची वाढ समप्रमाणात जाणवत नसल्याने हा पट्टा सुरुवातीला मंद आणि पुढे झपाट्याने बदलत जाईल असा घडवलेला असतो. जपानी यंत्रांवर अशा पॉटपुढे ‘ए’ हे अक्षर आणि सरळ प्रमाणात बदलणाऱ्या पॉटपुढे ‘बी’ हे अक्षर छापलेले आढळते. भाग बदलण्याची वेळ आली तर हे अक्षर महत्त्वाचे ठरते.

धातूचे बोट आणि कार्बनचा पट्टा यांच्यामध्ये मळाचा कण आला की संपर्क क्षणभर तुटतो आणि लगेच जुळतो. यंत्राचा शेवटचा टप्पा आवाज मोठा करणारा असतो; त्याला गाणे आणि खरखर यांतला फरक कळत नाही. पॉट त्याच्या आधी बसवलेला असल्याने तिथली बारीकशी तुटातूटही स्पीकरपर्यंत जाईतो मोठी होते.

मळ येतो कुठून

बोट पट्ट्यावर घासून कार्बनचा भुगा निघतो, बाहेरची धूळ आत शिरते, कारखान्यात घातलेले ग्रीस वाळून चिकट होते. गोव्यात याला दोन गोष्टींची जोड मिळते. जून ते सप्टेंबरची दमट हवा धातूवर गंज चढवते आणि समुद्रकाठच्या वाऱ्यातील मीठ ते काम अधिक वेगाने करते. निवडीच्या खटक्यांमधील संपर्कांवर बहुधा चांदीचा मुलामा असतो. देवघरातील चांदीची भांडी जशी हवेतील गंधकाने काळवंडतात, तसाच काळा थर या संपर्कांवरही चढतो.

सरकणारा संपर्क वापरामुळे थोडाफार स्वतःच घासून स्वच्छ होत राहतो. म्हणूनच रोज वापरात असलेल्या यंत्रापेक्षा दहा वर्षे झाकून ठेवलेले यंत्र अधिक खरखरते. त्यात हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटींतून पाल आत शिरते, कुंभारीण मातीचे घर बांधते, मुंग्या वस्ती करतात. कित्येक वर्षांनी यंत्र बाहेर काढले असेल तर या भाडेकरूंचा शोध घेतल्याशिवाय त्याला वीज जोडू नये. मेलेली पाल दोन तारांमध्ये अडकली असेल तर खरखरीपेक्षा मोठा अनर्थ होतो.

आधी निदान, मग हत्यारे

यंत्र न उघडता, केवळ कानाने पुष्कळ काही कळते. नॉब स्थिर असताना आवाज स्वच्छ असेल आणि फिरवतानाच, त्यातही काही ठरावीक जागांवर, खरखर येत असेल तर मळाची शक्यता सर्वाधिक. नॉबला हात न लावता सतत घोंघावणे ऐकू येत असेल तर दोष वीजपुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरचा किंवा अर्थिंगचा असू शकतो. सतत सू-सू किंवा अधूनमधून फुटाण्यासारखे तडतडणे असेल तर एखादा ट्रान्झिस्टर थकलेला असण्याचा संभव असतो. या दोहोंवर नॉब स्वच्छ करून काही होत नाही.

एक बाजू हळू आवाजात मुकी राहते आणि आवाज एकदम वाढवला की ‘टप्’ करून सुरू होते, असे असेल तर संशय पॉटपेक्षा स्पीकरचे रक्षण करणाऱ्या रिलेवर घ्यावा. यंत्र सुरू केल्यावर काही सेकंदांनी जो ‘टक्’ असा आवाज येतो तो या रिलेचा. खटका हलवल्यावर बाजू येत-जात असेल तर दोष त्या खटक्यात. ‘टेप मॉनिटर’चा खटका वर्षानुवर्षे कुणी हलवलेलाच नसतो, पुष्कळदा मुकेपणाचे मूळ तिथेच सापडते.

पुढची चाचणी सर्वांत उपयोगाची. गाणे बंद करावे, यंत्र चालू ठेवावे आणि आवाजाचा नॉब हलक्या हाताने फिरवावा. काहीही वाजत नसताना, पट्ट्याच्या सर्व भागांत सारखीच मोठी खरखर आली तर पॉटवर थेट वीज, म्हणजे डीसी, झिरपत असल्याची शंका बळावते. पॉटच्या आधी वा नंतर असणारा छोटा कपॅसिटर ही डीसी अडवण्यासाठीच बसवलेला असतो. तो झिरपू लागला की स्वच्छ पॉटही खरखरतो. ही जात मळाची नाही, हे येथेच लक्षात आले तर पुढचे कष्ट वाचतात.

मळ वाटत असेल तर पहिला उपाय फुकटचा आहे. यंत्राची वायर भिंतीतून काढावी आणि प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० ते ५० वेळा फिरवावा, प्रत्येक खटका तितक्याच वेळा खालीवर करावा. यंत्राच्या मागे व्होल्टेज निवडण्याचा खटका वा फिरती खुंटी असेल तर तिला मात्र मुळीच हात लावू नये. ती चुकून ११० किंवा १२० वर गेली आणि नंतर २३० व्होल्टची वीज जोडली तर यंत्र क्षणात जळते. एवढ्या व्यायामाने खरखर पुष्कळ कमी झाली तर मळाचे निदान पक्के झाले. मळ फक्त बाजूला सरकलेला असल्याने तो काही दिवसांनी परत येतो. त्यासाठी यंत्र उघडावे लागते.

विजेची धास्ती हवीच

वायर काढली म्हणजे यंत्र निर्धोक झाले असे नाही. आतील मोठे नळकांड्यासारखे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात प्रत्येक कपॅसिटरवर ३० ते ५० व्होल्ट असणे नेहमीचे. वायर काढल्यावर किमान अर्धा तास थांबावे आणि मल्टिमीटर डीसीवर लावून प्रत्येक मोठ्या कपॅसिटरची दोन टोके तपासावीत. आकडा दोन-तीन व्होल्टांच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नये. वीज उतरत नसेल तर एक किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर झाकलेल्या क्लिपांनी दोन टोकांना मिनिटभर लावावा. पेचकसाने टोके जोडून ठिणगी पाडण्याची जुनी खोड यंत्राला आणि डोळ्यांना, दोहोंनाही घातक आहे.

व्हॉल्व्हच्या यंत्रात हाच आकडा २५० ते ४५० व्होल्टांपर्यंत जातो, आणि तो जीव घेऊ शकतो. काचेचे व्हॉल्व्ह असलेले यंत्र, मग तो अ‍ॅम्प्लिफायर असो वा आजोबांचा रेडिओ, घरी उघडू नये. या लेखातील पुढची कृती केवळ ट्रान्झिस्टरच्या यंत्रांसाठी आहे.

साहित्य कोणते, आणि कोणते नको

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘काँटॅक्ट क्लीनर’ या नावाने फवाऱ्याचे डबे मिळतात. पॉटसाठी घेताना तो प्लॅस्टिकला चालतो आणि मागे थर ठेवत नाही, एवढे डब्यावर वाचून घ्यावे. काही फवारे मळ काढून थोडे वंगणही मागे ठेवतात. डीऑक्सिट या मालिकेत धातूच्या संपर्कांसाठी डी५ आणि कार्बनच्या पट्ट्यासाठी वंगण असलेला एफ५ असे दोन वेगळे प्रकार आहेत. खटक्यांना पहिला आणि पॉटला दुसरा, असा त्यांचा साधा हिशेब. ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलही मळ धुते. पण ते पट्ट्यावरचे वंगणही धुऊन नेते, त्यामुळे नंतर वंगणाचा हलका फवारा आवश्यक ठरतो. हे सर्व द्रव ज्वलनशील आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शेजारी समई, उदबत्ती नसावी.

घरोघरी असणारा नेहमीचा डब्ल्यूडी-४० पॉटमध्ये मारू नये. तो ओलावा हटवण्यासाठी आणि गंजलेल्या बिजागऱ्यांसाठी उत्तम. पॉटमध्ये मात्र त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरून ठेवतो. त्याच कंपनीचा काँटॅक्ट क्लीनर हा वेगळा डबा आहे, दोहोंची गल्लत करू नये. पेट्रोल, रॉकेल, थिनर प्लॅस्टिक विरघळवतात. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकट घटक असतात. पॉलिश पेपर किंवा खोडरबराने कार्बनचा पट्टा घासला तर मळासोबत पट्टाच निघून जातो. झिजलेल्या पट्ट्यावर पेन्सिलीची रेघ ओढण्याची जुन्या मेकॅनिकांची युक्ती काही काळ चालते, टिकत नाही.

कृती

१. स्पीकरसह सर्व वायरी काढाव्यात आणि कोणती कुठे होती याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. वरचे झाकण बहुधा बाजूच्या आणि मागच्या स्क्रूंनी धरलेले असते. स्क्रू जागेनुसार वेगवेगळ्या बुचांत ठेवावेत.

२. मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ सैल करून व्हॅक्यूम क्लीनरची नळी थोडी दूर धरून ओढून घ्यावी. कोळिष्टके, मातीची घरे याच वेळी निघतात.

३. पॉट कुठे आहेत ते पाहावे. पॉटच्या तीन टोकांजवळ बहुधा एक छोटी फट दिसते; फवाऱ्याची बारीक नळी तिथेच लावायची असते. फट पुढून दिसत नसेल तर नॉब काढावे लागतात. बरेचसे नॉब सरळ ओढून निघतात. काहींच्या बाजूला अगदी बारीक स्क्रू असतो, तो आधी सैल करावा. नॉब घट्ट असेल तर त्यामागून कापडी पट्टी घालून दोन्ही हातांनी ओढावी. पेचकस घालून उचकटल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या दर्शनी पत्र्यावर कायमचा ओरखडा उठतो.

४. यंत्र असे तिरके करावे की द्रव दांड्याकडे न जाता मागे ओघळेल. दांड्याभोवतीच्या घट्ट ग्रीसमुळेच नॉब लोण्यासारखा फिरतो. ते ग्रीस विरघळून पट्ट्यावर आले तर नॉबही ढिला पडतो आणि खरखरही वाढते.

५. फटीत सेकंदभर, एकच छोटा फवारा मारावा आणि लगेच नॉब ३०-४० वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. मळ पट्ट्यावरून सुटतो तो या फिरवण्यामुळे. खाली ओघळणारा काळा द्रव जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावा. गरज वाटल्यास आणखी एकदा करावे. स्टिरिओ पॉटमध्ये दोन डब्या असतात, दुसरी विसरू नये.

६. वंगण नसलेला क्लीनर वापरला असेल तर तो वाळल्यावर वंगणाचा अगदी हलका फवारा मारून पुन्हा दहा-बारा वेळा फिरवावे.

७. झाकण उघडे ठेवून यंत्र वाळू द्यावे. कोरड्या दिवशी दोन तास पुरतात. पावसाळ्यात एक रात्र थांबलेले बरे.

आतील पाट्यांवर पेचकसाने फिरवण्याचे छोटे, बहुधा नॉब नसलेले पॉट दिसतात. त्यांना प्रीसेट म्हणतात. शेवटच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरमधून किती वीज वाहावी हे त्यांतले काही ठरवतात. ‘जाता जाता हेही स्वच्छ करू’ म्हणून ते फिरवले तर वीज जोडताच ते ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात. प्रीसेटवर फवारा मारू नये आणि ते तसूभरही हलवू नयेत. रेडिओ असलेल्या यंत्रात स्टेशन लावणारा, पातळ पत्र्यांच्या चळतीचा कपॅसिटर असतो. फवारा त्याच्यावरही उडू देऊ नये.

खटके आणि रिले

सरकते व दाबायचे खटके याच पद्धतीने स्वच्छ होतात; फवारा मात्र धातूच्या संपर्कांचा. टेप, रेडिओ, रेकॉर्ड यांतून निवड करणाऱ्या फिरत्या खटक्याच्या चकत्या ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून हात हलका ठेवावा. संपर्क पॉलिश पेपरने घासले तर चांदीचा मुलामा जातो आणि खालचा धातू दुप्पट वेगाने गंजतो. रिलेचे झाकण निघत असेल तर क्लीनरमध्ये भिजवलेली जाड, गुळगुळीत कागदाची पट्टी दोन संपर्कांमधून हळूच ओढावी. पूर्ण काळवंडलेला रिले बदलणेच श्रेयस्कर; कॉइलचे व्होल्ट, संपर्कांची क्षमता आणि पायांची मांडणी तीच हवी.

पुन्हा वीज जोडताना

दुरुस्तीच्या दुकानांतील ‘सिरीज बोर्ड’ येथे कामी येतो. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब यंत्राच्या वाटेत येईल अशी ती जोडणी असते; ती जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. स्पीकर न जोडता यंत्र या बोर्डातून सुरू करावे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो प्रखर पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्बमुळे यंत्राला कमी व्होल्टेज मिळते, त्यामुळे रिले लागला नाही तरी घाबरू नये.

त्यानंतर झाकण लावून थेट वीज जोडावी आणि मागच्या स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी मोजावी. आकडा ५० मिलिव्होल्टांच्या आत असावा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नयेत. त्या विजेने स्पीकरची कॉइल जळते. सर्व ठीक असेल तर आधी एखादा साधा, जुना स्पीकर लावून आवाज शून्यापासून वाढवत न्यावा.

खरखर परत आली तर

स्वच्छ केल्यावर महिनोन्‌महिने शांत राहिले तर दोष मळाचाच होता. दुसऱ्याच दिवशी तीच खरखर परतली तर वर सांगितलेली डीसी झिरपण्याची शक्यता धरावी आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे. ‘पॉट बदला’ असे सांगण्यापेक्षा ‘पॉटवर डीसी येते का, कपॅसिटर तपासा’ असे सांगितले तर काम नेमके होते. हा कपॅसिटर छोटा आणि स्वस्त असतो. मूळ पॉट मात्र दुर्मीळ. जपानी यंत्रांतील आवाजाच्या पॉटला ‘लाउडनेस’साठी बरेचदा चौथे टोकही असते. ओहम, अक्षर, दोन पट्टे, दांड्याची लांबी, पायांमधले अंतर आणि ते चौथे टोक, हे सगळे जुळणारा नवा भाग बाजारात सहसा मिळत नाही. त्यामुळे मूळ पॉट पट्टा झिजून पांढरा पडेपर्यंत फेकू नये. मेकॅनिकने बदलला तरी जुना मागून घ्यावा.

पुढची काळजी फारशी कठीण नाही. महिन्यातून एकदा, वायर काढून, सगळे नॉब आणि पुढचे खटके वीस वेळा फिरवावेत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र वाजते ठेवावे. आतील ऊब ओलावा घालवते. झाकायला प्लॅस्टिकऐवजी सुती कापड वापरावे, तेही यंत्र निवल्यावर. समुद्राकडच्या उघड्या खिडकीखाली ते ठेवू नये. कपाटात बंद ठेवायचेच असेल तर सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दर पावसाळ्यानंतर बदलाव्यात.